ऑक्सफर्ड की केंब्रिज?

दसऱ्याच्या दिवशी दुपारचे जेवण ताईकडे, हा आमच्या घराण्यातला जुना रिवाज आहे. २०२४ साली दसरा १२ ऑक्टोबरला आला. मी नेहमीप्रमाणे आपट्याची पाने खिशात घालून वेळेच्या जरा आधीच जाऊन पोचलो. पाने मांडलेली होती, पण घरात सणाची कळा दिसेना. दाजी वर्तमानपत्राच्या एकाच पानाकडे बराच वेळ पाहत बसले होते. ताई पुऱ्या जरा जास्तच जोर लावून लाटत होती. आणि माझी भाची, वय वर्षे सतरा, दोघांच्या मधोमध मान खाली घालून बसली होती.

"बरं झालं आलास," ताई म्हणाली, "तीनच दिवस उरलेत."

कसले तीन दिवस, हे कळायला मला श्रीखंडाची पहिली वाटी संपवावी लागली. ते होते विलायतेच्या अर्जाचे. भाचीला रसायनशास्त्राचे वेड आहे. तिच्या गुणांवर आणि शाळेतल्या बाईंच्या भरवशावर तिने ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज येथे पदवीसाठी अर्ज करावा, असे घरात ठरले होते. सगळा घोळ होता तो त्या 'किंवा'चा. या दोन्ही विद्यापीठांचे अर्ज १५ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे अभ्यासक्रम सुरू होण्याच्या जवळजवळ एक वर्ष आधी, पोचावे लागतात. इंग्लंडात एका अर्जात पाच जागा मागता येतात. पण किरकोळ अपवाद सोडले तर त्या पाचांत ही दोन नावे एकत्र नांदू शकत नाहीत. एका वर्षी एकाच ठिकाणी अर्ज करायचा.

वाचकहो, आपल्याकडे मुलीची पत्रिका एकाच टपालाने दहा स्थळांकडे जाऊ शकते. या दोन स्थळांना ते चालत नाही. आधी एकाला आपण होऊन नकार द्यायचा, आणि मग दुसऱ्याच्या होकाराची जानेवारीपर्यंत वाट पाहत बसायचे. मध्ये डिसेंबरात मुलाखत, शिवाय बहुतेक विषयांना लेखी परीक्षा. एवढे सगळे झाल्यावर "योग नाही" असे उत्तर आले, तर पहिल्या स्थळाकडे त्या वर्षी परत जाण्याची सोय नाही.

साहजिकच घरात दोन पक्ष पडले होते. दाजी ऑक्सफर्डचे. त्यांचे भोसरीला यंत्रांचे सुटे भाग करण्याचे छोटे वर्कशॉप आहे. स्वतःचा गाळा आहे आणि नऊ माणसे कामाला आहेत. शाळेत असताना वक्तृत्वस्पर्धेत त्यांना ऑक्सफर्डचा इंग्रजी शब्दकोश बक्षीस मिळाला होता. तो त्यांनी खाकी कव्हर घालून आजतागायत जपला आहे. "प्रोफेसर, ऑक्सफर्ड म्हटलं की रिक्षावाल्यालाही कळतं," हा त्यांचा मुख्य मुद्दा होता.

मला हा मुद्दा अगदीच बाळबोध वाटला आणि मी तत्काळ केंब्रिजच्या बाजूने उभा राहिलो. मराठी माणसाचे केंब्रिजशी नाते फार जुने आहे, हे मी त्यांना सांगितले. दापोलीजवळच्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे फर्गसनमध्ये शिकून सरकारी शिष्यवृत्तीवर तिथे गेले आणि १८९९ साली गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत, दुसऱ्या एका विद्यार्थ्याच्या बरोबरीने, पहिले आले. सीनियर रँग्लर झालेले ते पहिले हिंदी गृहस्थ. पुढे कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर १९५७ साली केंब्रिजला गेले, त्यांच्याआधी त्यांचे वडील जाऊन आलेले होते. आणि चिंतामणराव देशमुख! महाडजवळच्या नाते गावचा, मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवलेला हा मुलगा केंब्रिजला जाऊन शिकला काय, तर वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र. पुढे झाला काय, तर रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर आणि देशाचा अर्थमंत्री. त्याच विद्यापीठात, काही वर्षे आधी, पंडित नेहरूही तेच तीन विषय शिकले होते.

"आणि १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर त्याच नेहरूंच्या मंत्रिमंडळातून चिंतामणराव बाहेर पडले," दाजी म्हणाले. "एकच विद्यापीठ आणि एकच विषय असून काय उपयोग झाला?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. तेवढ्यात भाचीने प्रथमच तोंड उघडले.

"मामा, तुझ्या रँग्लरांची मुलगी कुठं शिकली, ठाऊक आहे?"

ठाऊक होते. शकुंतलाबाई परांजपे १९२०च्या दशकात केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात गणितच शिकल्या.

"तेव्हा मुलींना तिथं पूर्ण पदवी मिळत नव्हती. वडील पहिले आले, आणि मुलीला तीच परीक्षा देऊनही तो मान नाही. केंब्रिजनं मुलींना पदव्या द्यायला सुरुवात केली १९४८ साली. ऑक्सफर्डनं १९२० साली."

दाजींचा चेहरा उजळला. पण भाची निःपक्षपाती निघाली. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी ऑक्सफर्डला १८९२ साली कायद्याची परीक्षा दिली, आणि पदवी मात्र त्यांच्या हाती पडली १९२२ साली, तीस वर्षांनी, हेही तिने बापाला ऐकवले. "तेव्हा मोठेपणाचं मला सांगू नका. दोघंही सारखेच," असे म्हणून ती पुरी वाढून घेऊ लागली.

आता थोडे या दोन विद्यापीठांविषयी, कारण त्यांच्यातला फरक समजल्याखेरीज पुढची गोष्ट कळायची नाही. ऑक्सफर्डला अध्यापन चालू असल्याचा उल्लेख १०९६ सालापासून सापडतो. १२०९ साली तिथे गावकरी आणि विद्यार्थी यांच्यात मोठा तंटा झाला आणि काही विद्वान मंडळींनी पळ काढून केंब्रिजला बस्तान बसवले. एका संस्थेत भांडण होऊन दुसरी निघणे हा पुण्याचाच खास विशेष नव्हे, हे वाचून मला मोठे समाधान वाटले होते. तेव्हापासून ही दोन भावंडे एकमेकांशी स्पर्धा करीत एकमेकांसारखीच वाढली. दोन्हीकडे विद्यापीठाच्या पोटात तीस-तीसवर कॉलेजे. पण आपल्या अर्थाची कॉलेजे ती नव्हेत. व्याख्याने, प्रयोगशाळा आणि परीक्षा विद्यापीठाच्या. राहणे, जेवणे आणि जवळून शिकवणे कॉलेजचे. वर्षात तीन सत्रे, प्रत्येक अवघ्या आठ आठवड्यांचे.

आणि खरी गंमत त्या जवळून शिकवण्यात आहे. आठवड्यातून एकदोनदा विद्यार्थ्याने निबंध लिहून किंवा गणिते सोडवून न्यायची आणि शिक्षकासमोर एकट्याने, फार तर दोघातिघांनी, बसून आपल्या प्रत्येक विधानाचा जाब द्यायचा. ऑक्सफर्ड त्याला ट्यूटोरियल म्हणते, केंब्रिज सुपरव्हिजन. नावे दोन, वस्तू एकच. मी एका वर्गात शंभरावर मुलांना मराठी शिकवतो. त्यांतल्या मागच्या बाकावरच्या मुलाचे नाव मला कधीकधी त्याच्या उत्तरपत्रिकेवरून कळते. मला हेवा वाटलाच तर त्या खोलीचा आणि त्या तासाचा वाटतो, मनोऱ्यांचा नाही. पण तो तास दोन्हीकडे असल्यामुळे त्यावरून निवड करता येत नाही.

मग निवड करायची कशावरून? दाजी म्हणत होते नावावरून, आणि मी म्हणत होतो नात्यावरून. बोलता बोलता मला माझीच बारावी आठवली. माझ्यापुढेही दोन कॉलेजे होती. एकात मराठीचे चांगले प्राध्यापक होते, दुसऱ्याचे नाव मोठे होते आणि तिथे शास्त्र शाखेला मला प्रवेश मिळत होता. वडिलांनी नाव निवडले. मी दोन वर्षे पिपेटने द्रव ओढत आणि खिशात कवितासंग्रह ठेवत काढली, दुसऱ्या वर्षी नापास झालो, आणि मग कलाशाखेला नव्याने सुरुवात केली. वडिलांना मी दोष देत नाही. त्यांनी हौसेनेच केले. पण ती दोन वर्षे मला कोणी परत दिली नाहीत. आणि आज मी भाचीपुढे बसून नेमके तेच करीत होतो! वडिलांच्या जागी शेजाऱ्यांचा लौकिक होता, माझ्या जागी रँग्लरांचा.

जेवणे झाल्यावर भाचीने दोन कागद आणून माझ्यापुढे ठेवले. एकावर केंब्रिजच्या पहिल्या वर्षाचे विषय होते, दुसऱ्यावर ऑक्सफर्डच्या. दोन्ही तिने स्वतःच्या अक्षरात उतरवून काढले होते.

"हे वाच, आणि मग बोल," ती म्हणाली.

मी वाचले. केंब्रिजला नुसत्या रसायनशास्त्राची पदवी मिळत नाही. तिथे 'नॅचरल सायन्सेस' या एका छत्राखाली सगळी शास्त्रे येतात. पहिल्या वर्षी तीन शास्त्रे आणि जोडीला गणित घ्यायचे, दुसऱ्या वर्षी जरा आवरते घ्यायचे, आणि तिसऱ्या वर्षी एकाची कास धरायची. चिंतामणराव आणि नेहरू यांनी तीन-तीन विषय घेतले ते याच परंपरेमुळे. ऑक्सफर्डला मात्र दारातच विचारतात : पदार्थविज्ञान, रसायन, जीवशास्त्र, काय हवे ते आताच सांगा. रसायन म्हणाल तर पहिल्या दिवसापासून रसायन. एकंदर चार वर्षे, आणि चौथे संपूर्ण वर्ष संशोधनाला. थोडक्यात, केंब्रिज म्हणते, "हळूहळू ठरव." ऑक्सफर्ड म्हणते, "ठरवून ये."

इतर विषयांतही असे फरक आहेत. नुसत्या अर्थशास्त्राची पदवी हवी असेल तर ती केंब्रिजला आहे. ऑक्सफर्डला ते राज्यशास्त्र आणि तत्त्वज्ञान यांच्याबरोबर, किंवा व्यवस्थापन, इतिहास अशा एखाद्या विषयाच्या जोडीने शिकावे लागते. वास्तुशास्त्राची पदवी केंब्रिजला आहे, ऑक्सफर्डला नाही. घरात दोन पक्ष पडून तीन दिवस भांडण झाले, पण आम्हां दोघा वडीलधाऱ्यांपैकी एकानेही हा साधा कागद उघडून पाहिला नव्हता.

"मग तर केंब्रिजच!" मी उत्साहाने म्हणालो. "तुला झाडांचंही वेड आहे. गच्चीत पारिजातक तूच लावलास ना? सगळं शिक आणि मग ठरव."

पारिजातकाची ती गोष्ट घरात सर्वांना ठाऊक आहे. दहावीत असताना तिने फुलांचे केशरी देठ खुडून, उकळून, त्यात दाजींचा पांढरा रुमाल बुडवला होता. रुमाल छान केशरी झाला, पण उन्हात वाळवल्यावर रंग फिका पडला. तेव्हापासून 'का फिका पडला?' या प्रश्नाने तिला झपाटले आहे.

ती माझ्याकडे पाहून हसली. "मामा, मला झाड नको आहे. देठातला रंग हवा आहे. तो रेणू कसा बनलाय, आणि ऊन लागल्यावर त्याचं काय बिघडतं, एवढंच मला बघायचं आहे. माझं ठरलेलं आहे. ज्याचं ठरलेलं नाही त्याच्यासाठी केंब्रिज उत्तम."

मग तिने मला डोरोथी हॉजकिनची कथा सांगितली. या बाई ऑक्सफर्डला रसायनशास्त्रच शिकल्या. शेवटच्या वर्षीच्या संशोधनात त्यांनी स्फटिकांवर क्ष-किरण सोडून आतली रचना वाचायला सुरुवात केली. पुढे पेनिसिलिनची आणि बी-१२ जीवनसत्त्वाची रचना त्यांनी उलगडली आणि १९६४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. "आणि तुझ्या समाधानासाठी सांगते, डॉक्टरेट त्यांनी केंब्रिजची घेतली," ती म्हणाली. "एका अर्जात दोन्ही मिळत नाहीत, पण एका आयुष्यात मिळतात. मनमोहनसिंगांनी उलट केलं. केंब्रिजची ट्रायपॉस आणि मग ऑक्सफर्डची डॉक्टरेट."

दाजी विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहत होते. ऑक्सफर्ड जिंकले होते! त्यांच्या कारणासाठी जिंकले नव्हते, पण ते त्यांच्या लक्षात आले नाही आणि मीही आणून दिले नाही.

इतका वेळ ताई काही बोलली नव्हती. आता तिने हात पुसले आणि विचारले, "पैशाचं काय?"

दोन्ही विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्याला शास्त्र विषयासाठी पडणारी फी वर्षाला पन्नास हजार पौंडांच्या घरात जाते. केंब्रिजला विद्यापीठाच्या फीवर कॉलेजची फी वेगळी. पौंड शंभर रुपयांच्या पुढे. राहणे-जेवणे धरून चार वर्षांचा हिशोब दाजींनी वहीत मांडला, तो काही केल्या अडीच कोटींखाली येईना. केंब्रिजला तीन वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडता येते, तेवढाच काय तो फरक. परदेशी मुलामुलींना पदवीसाठी पूर्ण शिष्यवृत्ती मिळण्याच्या जागा फारच थोड्या.

"गाळा विकू," दाजी म्हणाले. ते आधीच ठरवून बसले होते, हे त्यांच्या आवाजावरून कळले.

भाची गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "बाबा, अर्ज मी ऑक्सफर्डला करते. पण गाळा विकायचा नाही. तिथं नऊ माणसं आहेत. शिष्यवृत्ती मिळाली तर जाईन. नाही मिळाली तर इथंच शिकेन आणि मग जाईन."

१४ तारखेच्या रात्री अर्ज गेला. डिसेंबरात तिने संगणकासमोर बसून मुलाखत दिली. तो अर्धा तास दाजी जिन्यात येरझारा घालीत होते. जानेवारीत उत्तर आले. प्रवेश देऊ केला होता, बारावीच्या गुणांची अट घालून. ताईने देवापुढे साखर ठेवली. मे महिन्यात निकाल लागला, अटही पुरी झाली. शिष्यवृत्तीचे मात्र जमले नाही. एका ठिकाणाहून थोडी मदत मिळत होती, पण ती समुद्रात चिमूटभर साखर टाकावी तशी. दाजी दोनदा गाळ्याचे कागद घेऊन बँकेत जाऊन आले. तिसऱ्या वेळी भाचीने ते कागद काढून घेतले आणि कपाटात ठेवले. त्या रात्री त्या घरात कोणी जेवले नाही. अठरा वर्षांच्या मुलीला हातात आलेले ऑक्सफर्ड सोडावे लागते, तेव्हा तिला 'शहाणी आहेस' असे म्हणणे सोपे असते. मी म्हणालो नाही. ती रडली आणि मी शेजारी बसून राहिलो.

पण नंतर घरी परतताना माझ्या ध्यानात आले, की तिला केंब्रिजची थोरवी ऐकवताना मी स्वतःच एक गोष्ट सांगायला विसरलो होतो. परांजपे आणि नारळीकर इथली पदवी घेऊन मगच तिकडे गेले, आणि परांजपे तर सरकारी शिष्यवृत्तीवर. नारळीकरांच्याच वर्षी, १९३८ साली, माथेरानला जन्मलेले गिरीश कार्नाड धारवाडला गणित शिकले आणि मग ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेले. आजही ऑक्सफर्डची ऱ्होड्स काय, किंवा केंब्रिजची गेट्स काय, या शिष्यवृत्त्या पहिल्या पदवीनंतरच्या शिक्षणासाठीच आहेत. मोठी दारे आपल्या माणसांना उघडली ती बहुधा दुसऱ्या खेपेला. पहिल्या खेपेला ज्यांच्या बापाची ऐपत होती ते गेले. बाकीचे इथे शिकून, तयारीने गेले. त्यांत कमीपणा काही नव्हता.

गेल्या ऑगस्टपासून भाची पाषाणच्या आयसरमध्ये आहे. तिथला अभ्यासक्रम पाच वर्षांचा. आरंभी सगळी शास्त्रे शिकायची, आणि शेवटचे वर्ष संशोधनात घालवायचे. हे तिने सांगितले तेव्हा मी म्हणालो, "म्हणजे केंब्रिजचं पहिलं वर्ष आणि ऑक्सफर्डचं शेवटचं!" ती म्हणाली, "हो, आणि दोन्ही घरापासून अर्ध्या तासावर." थोडे थांबून पुढे म्हणाली, "ऑक्सफर्ड नऊशे वर्षं उभं आहे, मामा. अजून पाच वर्षं उभं राहील."

आमच्या ओळखीत यंदाही दोन घरांत हाच खल चालू आहे. मला विचारायला आले, तर मी आता रँग्लरांची नावे घेत नाही. मी एवढेच सांगतो : दोन्हीकडचे पहिल्या वर्षाचे कागद मुलांच्या अक्षरात उतरवून घ्या. मग खर्चाची वही मुलांसमोरच उघडा, त्यांच्यामागे नको. आणि मुले काय म्हणतात ते ऐकेपर्यंत मोठ्यांनी श्रीखंड खात गप्प बसावे. माझ्या वडिलांनी एवढे केले असते, तर एका प्रयोगशाळेतली बरीच काचेची भांडी वाचली असती.

भाची वसतिगृहात राहायला गेली, तेव्हा दाजींनी तिच्या ट्रंकेत एक जड वस्तू टाकली. खाकी कव्हरातला तो शब्दकोश होता. "तिथं सगळं मोबाईलवर असतं, बाबा," असे ती म्हणाली, पण तिने तो बाहेर काढला नाही. ताई सांगत होती, की तो तिच्या टेबलावर असतो आणि त्याच्या पानांत ती पारिजातकाची फुले दाबून ठेवते. या भाऊबीजेला ती घरी येईल तेव्हा विचारीन म्हणतो, देठांचा रंग अंधारात टिकतो का.